मागे उभं राहण्याचं काम

दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. पण भालचंद्र सबनीस आपल्या जुन्या फियाटचं जे काही करत, त्याला पूजा म्हणावं की मुलीच्या लग्नाची तयारी, हे लताला संसाराच्या इतक्या वर्षांत ठरवता आलं नव्हतं. आधी आठवडाभर गाडी धुतली जायची. जिथे म्हणून गंजाचा ठिपका दिसेल तिथे रंगाचा हात फिरायचा, तोही घरच्या घरी, कारण दुसऱ्याच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. मग दसऱ्याच्या सकाळी झेंडूची माळ घालून दिव्यांची तपासणी. भालचंद्र आत बसून एकेक खटका दाबत आणि लता हळदीकुंकवाचं तबक धरून गाडीच्या मागे उभी राहून सांगे. डावा लागला. उजवा लागला. ब्रेक लागला. चालवणारा पुढे आणि सांगणारी मागे, अशी वाटणी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असल्यापासून ठरलेली होती.

यंदा ती वाटणी मोडली. एक तर दसऱ्यालाही भालचंद्रांना ऑफिस होतं. सरकारी वीजखात्यातून मुदतीआधी निवृत्त होऊन ते नोएडातल्या एका खाजगी कंपनीत लागले होते, आणि कंपनीच्या अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला दसरा कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. खाली कॅब हॉर्न वाजवत होती, म्हणून घाईघाईने माळ घातली, नारळ फोडला, आणि दिवे तपासायचे राहून गेले. दुसरं कारण मोठं होतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लता गाडी चालवायला शिकली होती.

हौस म्हणून नव्हे. नोएडात स्वतःचा फ्लॅट झाला, बाल्कनी आली, गाडीला बिल्डिंगखाली खांबांमध्ये हक्काची जागा आली, सगळं खरं. पण इथे सेक्टरला नंबर होते आणि शेजाऱ्यांना नावं नव्हती. करोल बागेत दर रविवारी ती मराठी मुलांचा वर्ग घ्यायची. दिल्लीत जन्मलेली ती पोरं ‘बाई, मला प्यास लागली’ म्हणत यायची आणि वर्षभरात ‘तहान’ म्हणायला लागायची, यातच तिचा सगळा आनंद होता. नोएडाहून तिथे जायचं तर दोन बस बदला, नि अर्धा रविवार बसस्टॉपवर घालवा. तिच्या दांड्या वाढल्या, मुलं गळाली. शेवटी जिथे वर्ग भरे त्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी नरसिंह कोलटकर यांनी फोन करून अगदी संकोचाने सांगितलं की खोली कॉम्प्युटर क्लासवाले मागताहेत. दिवाळीआधीच्या रविवारी वर्ग भरला तर खोली तिची, नाही तर त्यांचाही नाइलाज होता.

त्या फोननंतर लताने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. लायसन्स मिळालं. भालचंद्र शेजारी बसून सूचना देत होते, तिने त्याही सोसल्या. आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी, सरावासाठी म्हणून ती यमुनेच्या पुलापर्यंत गेली.

पूल उतरताना तिने डावा सिग्नल दिला आणि ब्रेक दाबला. मागून ट्रक आला तो जवळजवळ डिकीवर चढलाच. कर्कश हॉर्न, टायरांचा आवाज, आणि मग खिडकीतून बाहेर आलेलं ड्रायव्हरचं डोकं. “सिग्नल तो दिया करो, माताजी!” हॉर्नपेक्षा लताला ते ‘माताजी’ जास्त लागलं. आणि सिग्नल तर तिने दिला होता, खटका अजून खालीच होता. भालचंद्र शेजारी पांढरेफटक पडले होते. परतीच्या वाटेवर त्यांनी एकही सूचना दिली नाही, तेव्हाच तिला काळजी वाटायला हवी होती.

घरी येऊन पाहिलं तर मागच्या दिव्यांचं तंत्रच बिघडलेलं. डावा सिग्नल दिला की तो धड लागेना, ब्रेक दाबला की पार मान टाकी. भालचंद्रांनी जाहीर केलं की हे दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर पडणार नाही. त्यांनी बल्ब बदलले, फ्यूज बदलला, सिग्नलला टिकटिक करायला लावणारा फ्लॅशरही बदलला. हे सगळं सामान आणायला ते ऑफिसच्या कॅबने करोल बागेत जाऊन आले. जिथे जाण्यासाठी बायको जिवाचा आटापिटा करत होती, तिथूनच तिच्या गाडीचे बल्ब घेऊन आले आणि यात काही गंमत आहे असं त्यांना वाटलं नाही. दिवे होते तसेच राहिले. मग सेक्टरच्या मार्केटमधला मिस्त्री, द्वारका, येऊन बघून गेला. गाडी पुरानी है, पूरी वायरिंग बदलनी पड़ेगी, आणि तेही दिवाली के बाद, असं त्याचं मत पडलं. भालचंद्रांनी ते लगेच मान्य केलं.

लता तिथेच चपापली. नळाचा वॉशर बदलायचा असला तरी प्लंबरशी हुज्जत घालणारा हा माणूस, आणि विजेच्या बाबतीत एका मिस्त्रीचं निमूट ऐकतो? पण तिने ताकास तूर लागू दिली नाही.

दिवाळीआधीच्या शनिवारी दुपारी भालचंद्र जेवून आडवे झाले. लताने किल्ली घेतली आणि स्वयंपाकघरातली मोठी स्टीलची परात घेतली. मागे उभं राहून सांगणारं कोणी नव्हतं, तेव्हा परातीलाच ते काम द्यायचं तिने ठरवलं. गाडीमागच्या खांबाला परात टेकवली, पार्किंगचे दिवे लावले, स्टिअरिंगशी बसून डावा खटका खाली केला आणि आरशातून परातीत पाहिलं. खांबांखालच्या सावलीत नीट दिसत होतं. डावीकडचा पिवळा दिवा जेमतेम जीव धरून होता, पण त्याच्या तालावर उजवीकडचा लाल दिवाही हलकेच मिचमिचत होता. उजवा सिग्नल दिला तर तो मात्र ठणठणीत.

हे तिला नवीन होतं. गाडीचं इंजिन कसं चालतं ते तिला विचारू नका, पण ही गाडी पाठीमागून कशी दिसते हे तिच्याइतकं जगात कोणाला माहीत नसेल. मागच्या दसऱ्याला सगळं व्यवस्थित लागत होतं, तिनेच तर सांगितलं होतं. यंदा कोणी पाहिलंच नाही. मग मधल्या काळात गाडीचं काय झालं? झाला तो फक्त रंग.

तिने डिकी उघडली. यंदा आतूनही सगळी चंदेरी चकचकीत. खालचा पत्रा, कोपरे, दिव्यांच्या पाठी, भालचंद्रांनी काही म्हणून सोडलं नव्हतं. डाव्या दिव्याच्या होल्डरमधून एक काळी वायर निघून पत्र्याला स्क्रूने जखडलेली होती. स्क्रू काढून, खाली रंग देऊन, पुन्हा लावून वरूनही रंग दिलेला. वायरचं टोकही चंदेरी झालं होतं.

लता त्या टोकाकडे बघत राहिली, आणि तिला नवऱ्याचंच एक जुनं व्याख्यान आठवलं. मिक्सरचा शॉक बसला की, इस्त्री बिघडली की, ते हमखास व्हायचं. वीज नुसती जाऊन भागत नाही लता, तिला परत यायलाही वाट लागते. गाडीत ती वाट म्हणजे गाडीचा पत्राच, हेही त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. पत्रा आणि वायर यांच्यामध्ये आता रंगाचे दोन थर होते. बिचारी वीज वाट शोधत उजवीकडच्या लाल दिव्यातून फिरून येत असणार. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तिला हसू आलं आणि रागही आला. तिने डिकीतला स्क्रूड्रायव्हर घेतला, स्क्रू सोडवला, आणि वर जाऊन आणलेल्या भाजीच्या सोलाण्याने खालचा रंग खरवडायला लागली. कोवळ्या दुधीची साल निघावी तसा तो निघाला. पत्रा उघडा पडला, वायरचं टोक घासून लख्ख केलं, स्क्रू पुन्हा आवळला, डिकी लावली. आत बसून खटका दाबला. परातीत पिवळा दिवा लख्ख उघडझाप करू लागला. उजवीकडचा लाल दिवा आता मिचमिचत नव्हता. लताने स्टिअरिंगवर हात आपटला, हॉर्न वाजला आणि तिच्या आनंदाची वार्ता साऱ्या बिल्डिंगला कळली.

भालचंद्र बनियनवरच खाली आले. त्यांनी परात पाहिली, सोलाणं पाहिलं, आणि मग डिकी उघडून आतला खरवडलेला ठिपका पाहिला. वीजखात्यात जन्म काढलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती. ते कानापर्यंत लाल झाले.

“अहो, ब्रेक आणि सिग्नल एकदम लावून बघायचेत,” लता आतूनच म्हणाली. “परातीत लाल नि पिवळं एकात एक मिसळतं. मागे उभे राहा.”

ते डिकीत वाकून तो ठिपकाच बघत राहिले.

“तुमच्या ध्यानात आलंच नव्हतं, की बघायचंच नव्हतं?” तिने विचारलं. आवाज चढवला नव्हता, पण इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न एकदाचा बाहेर पडला.

भालचंद्रांनी डिकीच्या कडेवरून बोट फिरवलं. “रंगाचं खरंच लक्षात आलं नाही,” ते म्हणाले. “पण शोधलं नाही, हेही खरं. तो ट्रक अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, लता. मला वाटलं, दिवे बिघडलेत तर बिघडू देत. तू घरी तर राहशील.”

लताचा अर्धा राग तिथेच विरघळला. उरलेला अर्धा तिने जपून ठेवला, कारण तो खरा होता.

“ट्रक माझ्यामुळे अंगावर आला नाही,” ती म्हणाली. “दिवा दिसला नाही म्हणून आला. आता दिसतोय. आणि उद्या वर्ग भरला नाही, तर मी घरी राहीन, पण तुम्हाला हवी तशी नाही राहायची.”

त्यांनी डिकी लावली. ते गाडीपासून मागे सरले आणि हात पाठीशी बांधून उभे राहिले. नेमकं कुठे उभं राहायचं तेही त्यांना ठाऊक नव्हतं. लताने आरशात बघत, हाताने खुणावून त्यांना दोन पावलं मागे सारलं. मग तिने खटका खाली केला.

“डावा,” भालचंद्रांनी घसा खाकरला. “लागला.”

“उजवा?”

“लागला.”

तिने ब्रेक दाबला, सिग्नल तसाच चालू ठेवून.

“ब्रेकही लागला,” ते म्हणाले. “दोन्ही एकदम. छान दिसतंय गं.”

मग ते वर गेले ते पॉलिश पेपर घेऊनच आले, आणि डिकीत अर्धे वाकून उजवीकडचा स्क्रू त्यांनी स्वतः घासला. तिथला रंगही त्यांचाच होता आणि आज ना उद्या तोही दगा देणार होता. एवढ्या प्रेमाने दिलेला रंग खरवडताना त्यांचा जीव किती तुटत असेल हे लताला कळत होतं. ती परात उचलून चहा टाकायला गेली.

रविवारी सकाळी भालचंद्र तयार होऊन बसले होते, तेव्हा सोबत येणार असं म्हणतील याची तिला धाकधूक होती. पण ते फक्त खाली आले. तिने काचा पुसल्या, पिशवीत पुस्तकं आणि खडूंचा डबा आहे ना बघितलं, आणि गाडी सुरू केली. त्यांनी एकच सूचना दिली, की घाई करू नकोस, आणि तीही खिडकीपासून जरा लांब उभं राहून.

सोसायटीच्या फाटकाबाहेर डावीकडे वळायचं होतं. रस्ता अख्खा रिकामा होता, एक कुत्रंदेखील नव्हतं. तरीही लताने ब्रेक दाबला, डावा सिग्नल दिला, आणि वळण्याआधी जरा थांबली.

आरशात भालचंद्र दिसत होते. ते फाटकापर्यंत चालत आले होते आणि गाडीच्या मागे, काल होते तेवढ्याच अंतरावर उभे होते. त्यांनी हात वर केला आणि काहीतरी म्हणाले. काच बंद असल्यामुळे ऐकू आलं नाही, पण तो शब्द ती स्वतः इतकी वर्षं त्याच जागेवरून म्हणत आली होती.

मग ती वळली आणि करोल बागेच्या रस्त्याला लागली.