हवालदारांच्या दाराआडची काठी

ओळखलंत का मला? दाराच्या मागे बघा, छत्रीच्या शेजारी. मी काठी बोलतेय, निवृत्त हवालदार विठोजींची.

माझं लाकूड अक्रोडाचं. काश्मीरमधल्या एका कारागिराने मला तासलं, घासलं आणि मुठीवर चिनाराचं पान कोरलं. त्याच हिवाळ्यात सीमेवर गस्त घालताना विठोजी बर्फावरून घसरून नाल्यात पडले. त्यांचा उजवा गुडघा कायमचा बिघडला. ते लष्करी इस्पितळात असताना त्यांच्या पलटणीतले प्रतापराव मला घेऊन आले. म्हणाले, "ही घे. वहिनींपेक्षा कमी बोलेल."

मला वाटलं, आता मी कायम यांच्या हातात असणार. पण बंगळूरला राजाजीनगरच्या घरी आले, तेव्हा तिथे माझ्याआधीच काळ्या बुटांची एक जोडी होती.

खरं सांगते, मला त्या बुटांचा फार हेवा वाटतो. दर रविवारी विठोजी जुनं वर्तमानपत्र पसरून बसतात. बुटांना पॉलिश लावतात, ब्रश मारतात, शेवटी मऊ कापड फिरवतात आणि टोकात स्वतःचा चेहरा बघतात. माझ्यावरून कोणी कधी ओला फडकासुद्धा फिरवत नाही. त्यांच्या पत्नी तानूबाई मला वापरून माळ्यावरची पिशवी ओढतात, भिंतीवरची पाल हाकलतात. पाहुणे आले की मी दाराआड. माजी सैनिकांच्या सभेला बूट जातात, मी जात नाही. घरात मात्र, जिथे बघायला कोणी नसतं, तिथे विठोजींचा सगळा भार माझ्यावर असतो.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. गुडघा दर वर्षी जास्तच दुखायला लागला होता. सरकारकडून विठोजींना अपंगत्वाची पेन्शन मिळायची, पण ती जुन्या तपासणीनुसार ठरलेली होती. गुडघा आणखी बिघडलाय हे मेडिकल बोर्डाने मान्य केलं, तर ती वाढणार होती आणि तळमजल्यावरचं घर भाड्याने घेता येणार होतं. तानूबाईंनी मागच्या गल्लीत तसं घर बघूनही ठेवलं होतं. नाहीतर तोच जिना, आणि एखाद्या दिवशी त्याच जिन्यावरून पडणं.

बोर्डाच्या दिवशी विठोजींनी ब्लेझर घातला, त्यावर पदकं लावली. बूट तर आरशासारखे चमकत होते.

"काठी घ्या," तानूबाई म्हणाल्या.

"तिथे कर्नल असतात. त्यांच्यासमोर काठी टेकत जाऊ?"

"अहो, पाय दाखवायलाच चाललाय ना? का कुणाच्या लग्नाला?"

विठोजी तसेच दाराकडे निघाले. तानूबाईंनी मला उचललं. खाली शेजारच्या मंजुनाथची रिक्षा उभी होती. "अण्णा, स्वल्प सरका," तो म्हणाला. "अक्का, काठी आत घ्या, कुणाच्या डोळ्यात जाईल." म्हणजे बूट पुढे ऐटीत, आणि मी कुणाचा डोळा फोडणारी.

इस्पितळात विठोजींचं नाव पुकारलं. तानूबाईंनी मला पुढे केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही आणि ते एकटेच आत गेले. दार अर्धवट उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसलं. टेबलामागे बोर्डाचे तीन लष्करी डॉक्टर बसले होते. विठोजी ताठ चालत गेले, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

मधल्या कर्नल मॅडम मराठी होत्या. त्यांनी विचारलं, "कसे आहात, हवालदार?"

"एकदम बढिया, मॅडम."

"गुडघा?"

"बढिया, मॅडम."

मॅडमनी समोरच्या कागदांकडे पाहिलं, मग बुटांकडे. "चालता तर छान," त्या म्हणाल्या. ते कौतुक बुटांचं होतं. मी जळफळले. पण मग तो जिना आठवला आणि मला भीती वाटली.

तानूबाई मला घेऊन सरळ आत शिरल्या. "मॅडम, यांचं काही खरं धरू नका. ताप चढला तरी हे बढियाच म्हणतात. साहेब दिसला की यांना दुसरा शब्द सुचत नाही."

"तू बाहेर थांब," विठोजी ओठ न हलवता म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

मॅडमनी तो पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "हवालदार, विश्राम."

हुकूम म्हणजे हुकूम. विठोजींनी डावा पाय बाजूला टाकला. सगळा भार उजव्या गुडघ्यावर आला आणि गुडघा मोडल्यासारखा वाकला. त्यांचा हात हवेत काहीतरी शोधू लागला. तानूबाईंनी मला त्या हातात दिलं. इतक्या लोकांसमोर विठोजींनी मला पहिल्यांदाच धरलं होतं.

"आता खरं सांगा," मॅडम म्हणाल्या. "हाही हुकूमच समजा."

"दुखतो, मॅडम," विठोजी जमिनीकडे बघत म्हणाले. "जिना बसत बसत उतरतो."

बूट एकमेकांकडे तोंड करून पायांतच वेडेवाकडे झाले होते. मला बरं वाटायला नको होतं, पण थोडं वाटलं.

बोर्डाने गुडघ्याचं मान्य केलं. आता आम्ही तळमजल्यावर राहतो. माझी गोष्ट इथे सुखाने संपली असती. पण कर्नल मॅडमनी आणखी एक शिफारस केली होती. महिन्याभरात सरकारकडून चार पायांची चकचकीत नवी काठी घरी आली. ती विठोजींच्या पलंगाशी उभी असते. तिच्या मुठीला रबर आहे, उंची कमी-जास्त करता येते. येणारे-जाणारे तिला हात लावून बघतात. आणि मी पुन्हा इथे, छत्रीशेजारी. ज्या बोर्डासमोर मी त्यांना सावरलं, त्यानेच माझी सवत आणली.

नवी काठीबाई, तुझ्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. तरी एवढं ऐक. कुणी मोठा साहेब समोर आला की ते तुलाही बाहेर ठेवतील. रुसू नकोस, तानूबाईंचा हात सोडू नकोस. आणि ते बढिया म्हणाले, की समज, आज फार दुखतंय.