चहानं म्हातारी झालेली वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. निदान मला तसं दिसायला सांगितलं होतं. कोपरे दुमडलेले, पुठ्ठा विटलेला, पानांवर चहाचे डाग. बघणाऱ्याला वाटावं, बिचारीनं तीन वर्षं झिजून काम केलंय! पण कुणी जरा निरखून बघायला लागलं की मी पानं घट्ट मिटून घ्यायचे. कारण माझं खरं वय होतं नऊ दिवस.

कोल्हापुरातल्या एका दुकानातून मी एका अभियांत्रिकी कॉलेजच्या मेकॅनिकल विभागात आले. काय हरखले होते मी! वाटलं, आता माझ्यावर इंजिनांची चित्रं काढतील. कसचं काय! विभागप्रमुख हंबीरराव सरांनी आल्या आल्या कपातला चहा माझ्यावर शिंपडला आणि मला गच्चीवर वाळत टाकलं. विभागातल्या शिपाई तानूबाईंनी कपाळाला हात लावला. "आवं सर, वही हाय का पापड?"

कारण सांगते. कॉलेजला मानांकन हवं होतं. म्हणजे बाहेरची तज्ज्ञ मंडळी येऊन तपासतात, की मुलांना काय यायला हवं हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत आणि ते त्यांना खरंच येतंय का. विचारायचं कारखानदारांना, पालकांना, जुन्या विद्यार्थ्यांना. दर सहा महिन्यांनी त्यांची बैठक घ्यायची आणि कोण काय म्हणालं ते वहीत लिहायचं. आता तीन वर्षांत एकही बैठक झाली नव्हती. त्या सहाच्या सहा बैठका आठवड्याभरात माझ्या पोटात घालायच्या होत्या.

काम आलं संघप्रिया मॅडमवर. मुरगूडच्या शेतमजुराची लेक, घरातली पहिली इंजिनिअर. नोकरी तात्पुरती, पण मानांकन मिळालं की कायम करू, असा सरांचा शब्द होता. शनिवारी दुपारी त्या तीन वेगवेगळी पेनं घेऊन बसल्या, शाई एकसारखी दिसू नये म्हणून. तारखा सरांनीच चिठ्ठीवर लिहून दिल्या होत्या. कागल एमआयडीसीत कारखाना असलेले ईरप्पा आण्णा कागदावर प्रत्येक बैठकीला हजर, आणि दर वेळी त्यांचं म्हणणं तेच : 'उद्दिष्टे समर्पक आहेत. तथापि प्रात्यक्षिकांवर भर द्यावा.' बैठक पालकांची, कारखानदारांची, म्हणून वही मराठीत. आणि मराठी ही असली!

चौथ्या बैठकीला मॅडमनी चिठ्ठीत बघून तारीख टाकली, चौदा एप्रिल. हजर म्हणून सही केली. आणि पेन तिथंच थांबलं. "चौदा एप्रिलला मी कॉलेजात?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. बाबासाहेबांची जयंती. लहानपणी आईचा हात धरून आणि आता आईला हात देऊन, त्या दिवशी त्या मुरगूडच्या मिरवणुकीत असतात, एक वर्ष चुकलेलं नाही. त्या तशाच सरांकडं गेल्या. सर म्हणाले, "कोण तारखा बघत बसतंय? वहीची जाडी बघत्यात. राहू दे की!"

तेव्हापासून मला स्वस्थता म्हणून नाही. कपाटात वारा नसताना माझी पानं फडफडायची. पकडले गेले तर मॅडमची नोकरी जाणार. नाही पकडले गेले तर ती सही जन्मभर माझ्या पोटात. काय मागावं मी, तुम्हीच सांगा!

तपासणीचा दिवस उजाडला. समितीतल्या एका बाईंनी मला उघडलं, वास घेतला, भुवया वर केल्या. चहाचा वास अजून गेला नव्हता ना! नेमके ईरप्पा आण्णा समोर चहा पीत बसलेले. त्यांना त्या दिवशी खरोखरच बोलावलं होतं. बाईंनी मला त्यांच्यापुढं सरकवलं. "हे तुम्हीच सांगितलं ना?"

आण्णांनी चष्मा लावला आणि वाचलं. "तथापि? आवं, जन्मात कधी तथापि म्हणालो न्हाय मी!"

आण्णांना मॅडमचा पडलेला चेहरा दिसला आणि ते घाईघाईनं म्हणाले, "बोललो असंन की वं. वय झालं आता, ध्यानात ऱ्हात न्हाय." किती मोठं मन माणसाचं! हंबीरराव सरांच्या जिवात जीव आला. सुटले बाई, असं मीही म्हणणार होते, तेवढ्यात मॅडम उभ्या राहिल्या.

"नाही आण्णा, तुम्ही बोलला नाहीत. ही वही नऊ दिवसांची आहे. बैठका झाल्याच नाहीत, सगळं मी लिहिलंय." त्यांचं बोट बरोबर चौथ्या पानावर गेलं. "एखादे वेळेस बाकीचं मी पचवलंही असतं. पण चौदा एप्रिलला मी इथं होते, ही माझी सही मला पचत नाही."

बाईंनी पुढचं कोरं पान उघडलं. मग बाई आण्णांना म्हणाल्या, "तर मग आज सांगा. मुलांना काय यायला हवं?"

"पोरं हुशार हायत की!" आण्णा म्हणाले. "पण माल खराब निघाला की ढिगाखाली दडवत्यात आन् घरला जात्यात. 'आण्णा, माझ्याकडनं बिघडलं' असं तोंडावर सांगणारं एक पोरगं मला द्या. बाकीचं मी शिकवतो. लिवा मॅडम, पर तथापि नको."

मॅडमनी सातव्या पानावर त्या दिवसाची तारीख घातली आणि आण्णांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं, हायत आणि दडवत्यातसकट.

त्या वर्षी मानांकन मिळालं नाही. हंबीरराव सर दोन महिने मॅडमशी बोलत नव्हते. मॅडम आजही तात्पुरत्याच आहेत, आणि पुढच्या वर्षी त्यांना ठेवतील का, या विचारानं माझा जीव अजून खालीवर होतो. पहिली सहा पानं त्यांनी फाडली नाहीत, प्रत्येकावर लाल रेघ मारली. आठवं पान मात्र परवाच भरलं. ती बैठक कागलला, आण्णांच्या कारखान्यात झाली आणि वीस मुलं उभ्यानं ऐकत होती.

मित्रांनो, तुमच्या वहीला उगाच म्हातारी करू नका. कोरी असेल तर कोरी दाखवा, बोलणी खा, आणि मग लिहायला बसा. माझे चहाचे डाग आता जायचे नाहीत, त्यांची मला लाज वाटते. पण सातव्या पानावरचा डाग तुम्ही खुशाल बघा. बोलताना आण्णांचा हात लागून कप लवंडला होता. तेवढा एक डाग खरा आहे.