जहाजाच्या बदल्यात

नातीने, अवनीने, बेसबॉल कार्डांच्या पाकिटाची कड दातांनी फाडली, कोऱ्या पुठ्ठ्याचा वास सुटला आणि विष्णुपंतांना शाळासोबती गुरुदत्तचं पत्र आठवलं. दोन वर्षं ते एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात खूण म्हणून फिरत होतं. सांगलीहून जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला मुलीकडे येतानाही ते बरोबर आलं होतं. उत्तर मात्र गेलं नव्हतं.

शाळेत असताना दोघं काडेपेट्यांवरचे छाप गोळा करायचे. रिकाम्या पेट्या परातीत भिजवायच्या, छाप अलगद सोडवायचा आणि खिडकीच्या काचेवर वाळत लावायचा. जहाज छाप सगळ्या वर्गात फक्त गुरूकडे होता. त्यासाठी विष्णूने आपली अख्खी वही देऊ केली होती. गुरूने जहाज नुसतं बघायला हातातसुद्धा दिलं नव्हतं. तोच छाप आता पत्राबरोबर आला होता. ‘डबल सापडला. तुला हवा होता ना? बदल्यात काहीतरी पाठव. मला गुरू म्हणणारं आता कोणी उरलं नाही.’

विष्णुपंतांनी कितीतरी खर्डे केले. सगळा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात, दुसऱ्यांची वाक्यं सांभाळण्यात गेलेला. स्वतःचं एकही धड वाटेना. उशीर झाला म्हणून उत्तर अधिक चांगलं हवं, आणि चांगलं करता करता आणखी उशीर. पत्नी प्रभाताई म्हणायच्या, फोन करा. पण गुरूला फोनवर ऐकू येत नसे. आता तर पत्र पोचेल तेव्हा ते घ्यायला तो असेल ना, याचीच धास्ती वाटे.

अवनीने पाचही कार्डं टेबलावर मांडली. गावाबाहेरच्या लष्करी तळावरच्या अमेरिकन मुलांबरोबर ती बेसबॉल खेळायची, आणि या नव्या कार्डांचं वेड तिला तिथूनच लागलं होतं. जाड, पिवळसर पुठ्ठा; त्यावर रंगवल्यासारखे गालफुगे खेळाडू. विष्णुपंतांनी एकावरून बोट फिरवलं.

“हे कुठल्या सालातलं गं?”

“नोय, आजोबा. गान्झ नोय, अगदी नवं,” ती हसली. “नुसतं दिसतं जुनं.”

मग एक कार्ड तिने बाजूला सरकवलं. “डोपेल्ट.” या शब्दाचा अर्थ त्यांना विचारावा लागला नाही. त्यांच्या पाचवीतली मुलं ‘डबल’ याच सुरात म्हणत.

प्रभाताई समोर मटार सोलत होत्या. “अहो, एखादं तुम्हीही फोडा. परीक्षेचा निकाल नाही निघायचा आतून.”

आपला हात काही शुभ नाही, असं पुटपुटत त्यांनी लोण्याच्या सुरीने पाकीट सरळ रेषेत कापलं. अवनीने कार्डं पाहिली. सगळी डोपेल्ट.

“वाटलंच,” प्रभाताई म्हणाल्या. “एकच पुस्तक दोनदा आणणारे हात ते.”

विष्णुपंतांनाही हसू आलं. त्या हसण्याच्या भरात त्यांनी पुस्तकातून जहाज काढलं आणि नातीपुढे ठेवलं. अडखळत सगळं सांगितलं: गुरू, परात, खिडकीची काच. यातलं एखादं डबल मिळालं तर बदल्यात पाठवता येईल, असंही म्हणाले.

अवनीने जहाज उजेडात धरलं. शिडांवरची लाल शाई अजून उडाली नव्हती. डबलचा गठ्ठा तिने एकदा चाळला आणि नाक मुरडलं. मग अल्बम मांडीवर ओढून, त्यांच्याकडे पाठ करून ती पानं उलटत बसली. वळली तेव्हा तिच्या हातात एक कार्ड होतं. काखेत जाळीचा मुखवटा धरलेला खेळाडू, मागे संध्याकाळचं केशरी आभाळ.

“हे,” ती म्हणाली. “डोपेल्ट आहे.”

लिफाफा शोधायला ती आईच्या खोलीत गेली. अल्बम उघडाच राहिला होता. पारदर्शक कप्प्यांच्या रांगेत मधला एक रिकामा होता. त्यातून अल्बमचा निळा पुठ्ठा दिसत होता. विष्णुपंतांनी डबलचा गठ्ठा हळूच पाहिला. मुखवटेवाला त्यात नव्हता. पुन्हा पाहिला.

मग त्यांनी जहाज हातात घेतलं आणि पत्रातली ‘डबल सापडला’ ही ओळ पुन्हा वाचली.

“काय झालं?” प्रभाताईंनी विचारलं.

“काही नाही. पेन दे जरा.”

खर्डा न करता त्यांनी एका कागदावर दोन ओळी लिहिल्या, कार्ड त्यात गुंडाळलं, आणि अवनीने आणलेल्या लिफाफ्यावर गुरूचा मिरजेचा पत्ता घातला.

कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीपर्यंत दोघं चालत गेली. फटीपाशी त्यांचा हात थबकला. आत काय लिहिलंय, असं अवनीने जर्मनमध्ये विचारलं.

“गुरू, जहाज पोचलं,” ते म्हणाले. “आणि हे माझ्याकडे डबल आहे.”

तिने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ती म्हणाली, आणि दोघांनी मिळून लिफाफा आत लोटला.