लोपेयोकचं वजन मोठ्यानं वाचलं तो दिवस

मी वजनकाटा बोलतोय. दुकानातला नव्हे, लेकरं तोलायचा. गोल तोंड, एक सुई, खाली कडी आणि कडीला कापडी झोळी. तुर्काना नावाच्या मुलखात, कोरड्या नदीच्या काठी, एका बाभळीच्या फांदीला मी अकरा वर्षं लटकतोय.

कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. सातासमुद्रापलीकडच्या एका सरकारचं मदत खातं होतं, त्यानं मला इथं धाडलं. बरोबर शेंगदाण्याच्या लगद्याच्या पुड्या आल्या. दर मंगळवारी लेकरू तोलायचं, हलकं भरलं तर आठवड्याच्या पुड्या द्यायच्या. एवढंच काम.

इथली माणसं जित्या जिवाचा आकडा तोंडानं काढत नाहीत. शेळ्या किती, पोरं किती, विचारलं की दुसरीकडे बघतात. आकडा उच्चारला की घट लागते म्हणे. पहिल्या वर्षी शहरातल्या एका नर्सनं वजन ओरडून सांगितलं, तर बाया पोरं उचलून पळाल्या, पुड्यासुद्धा न घेता. तेव्हापासून अकुवाम हे काम करते. ती इथलीच. सुई बघते आणि आईच्या कानात सांगते.

लोपेयोक आला तेव्हा दीड वर्षाचा होता. आई बाळंतपणातच गेलेली, म्हणून आजी नामोनी त्याला घेऊन यायची. झोळीत ठेवताना मला दटावायची, "लोखंड्या, आज तरी नीट बघ! गेल्या खेपेला झोपला होतास." मी काय बोलणार? पण मंगळवारामागून मंगळवार सुई पुढं सरकत होती. पोरगं माझी दोरी ओढायला लागलं होतं.

मग ते खातंच बंद झालं. दूर कुणीतरी कागदावर सही केली. पुड्या संपल्या. नामोनी ताडाची फळं कुटून पोराला चाटवू लागली. सुई मागं फिरली.

अशात एका मंगळवारी लोडवार शहरातून खात्याची गाडी आली. साहेब उतरला, हातात यादी. मला सोडवायला लागला.

"काटा कशाला नेता, साहेब?" अकुवामनं विचारलं.

"खात्याची वस्तू आहे, बाई. परत करायची. पुड्याच नाहीत, तर काट्याचं काय लोणचं घालणार?"

नामोनी पुढं झाली. "यादीत माझा नातू आहे का?"

"आजी, मी फक्त सामान गोळा करतो."

"मग हेही बघ." तिनं लोपेयोकला झोळीत ठेवलं. "अकुवाम, तू गप्प. साहेब, तू वाच. मोठ्यानं."

बाया दचकल्या. "नामोनी, डोकं फिरलं का तुझं? पोराला घट लागेल!"

"लागायची ती लागली. इतकी वर्षं कानात सांगितलं, कुणाला ऐकू गेलं?"

साहेबानं चष्मा सारखा केला. "सहा किलो शंभर."

"एवढा आवाज समुद्रापलीकडं जाईल होय?" नामोनी म्हणाली. " जेवला नाहीस का?"

"सहा किलो शंभर!" तो ओरडला.

"पुड्या होत्या तेव्हा?" नामोनीनं विचारलं.

"सहा आठशे," अकुवाम म्हणाली. तीही मोठ्यानं.

मग एक बाई उठली आणि तिनं आपलं पोर झोळीत ठेवलं. मग दुसरी. साहेब वाचत गेला. सातव्या लेकराला तो वाचायचा थांबला. त्यानं यादी काढली, माझ्या नावापुढं 'सापडला नाही' असं लिहिलं आणि मान खाली घालून गाडीत बसला.

मी राहिलो. पुड्या आल्या नाहीत.

आज पुन्हा मंगळवार. लेकरू झोळीत ठेवलं की हातपाय झाडतं, रडतं, सुई नाचते. ती ठरेपर्यंत अकुवामला थांबावं लागतं. आज लोपेयोकला ठेवलं आणि थांबावंच लागलं नाही. सुई लगेच ठरली.

किती, ते मी सांगत नाही. ज्यानं सही केली त्यानं इथं यावं, या फांदीखाली उभं राहावं आणि आपल्या तोंडानं वाचावं. त्यानंतरही खातं बंदच ठेवायचं असेल, तर नामोनीच्या डोळ्यांत बघून तसं म्हणावं. फक्त लवकर यावं. हे पोर पुढचा मंगळवार बघेल असं मला वाटत नाही.