पाच कप्प्यांचे बूट आणि चार बोटांचा पाय

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! ज्याला पटत नसेल त्याने आत्ताच उठावं, मला चहाला एक कप कमी लागेल.

तर आमच्या घरात पायाला चारच बोटं. म्हणजे हाडं पाचांचीच, पण अंगठ्याशेजारची दोन बोटं नखापर्यंत चिकटलेली. हे आलं आमच्या ह्यांच्याकडून. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी माझे पाय दोनदा मोजले आणि सासऱ्यांना हळूच म्हणाल्या, "मुलगी गुणाची आहे हो, पण बोटं जास्त आहेत." आणि ह्यांचं पोहणं काय सांगू! नदीत उतरले की बदकं सरकून वाट द्यायची. एकदा होडी चुकली, तर हे पोहत पलीकडे गेले आणि होडीचा दोर धरायला काठावर उभे!

तीच बोटं माझ्या लेकाला, तीच त्याच्या लेकीला. म्हणून नातीला आम्ही बदकू म्हणतो. बदकू चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि सकाळी रस्त्यावर पळते. पळायची म्हणा, कारण तिचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. जाड तळव्याचे बूट झाले, पट्टे झाले, बर्फ झाला. शेवटी व्यायाम शिकवणारी बाई, तिला आम्ही गुडघेबाईच म्हणतो, ती म्हणाली, "तू टाच आपटत पळतेस. पातळ तळाचे, बोटांचे बूट घाल आणि पंजावर उतरायला शीक. तीन महिने बघू. नाही जमलं तर पळणं बंद, सायकल चालव."

त्या दिवशी पोरगी धड जेवली नाही. एरवी घुमी आहे हो ती. पण पळून आली की पायरीवर बसून जी भडाभडा बोलते, ते दिवसभर पुरतं मला.

बूट आले. बूट कसले, पायात घालायचे हातमोजे! प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा, आणि तळ इतका पातळ की खाली नाणं आलं तर छापा की काटा ते कळावं. बदकू जमिनीवर बसून पाय कोंबतेय, कोंबतेय.

"शिरत नाहीये गं, आजी."

दारातून तिचा बाप म्हणाला, "नंबर चुकला का?"

"नंबर बरोबर आहे, बाबा."

"मग कप्पे मोज."

तिने कप्पे मोजले. मग आम्ही तिघांनी तिच्या पायाकडे बघितलं. अहो, दुसऱ्याच्या डोळ्याचं माप पाव नंबरानेही चुकू देत नाही ही, आणि स्वतःची बोटं मोजायची राहिली! पण तिचं तरी काय चुकलं? घरात वेगळे पाय एकट्या माझेच. लहानपणी तिला वाटायचं, आजीच्या बोटाला चीर पडलीय.

हसलो आम्ही. ती नाही हसली. "परत पाठवते," म्हणाली, एवढ्याशा आवाजात.

"साधे पातळ मागव ना," बाप म्हणाला.

"विचारलं होतं. माझ्या मापाचे दोन महिन्यांनी येतील. मग उरला एकच महिना."

मी म्हटलं, "इकडे आण."

आता, तीस वर्षं मी हातमोज्यांच्या कारखान्यात बोटं शिवली. सहा बोटांच्या एका वादकाचा मोजाही शिवलाय, आणि तो घातल्यावर त्याचं वाजवणं सुधारलं, हेही लोक सांगतात.

"आजी, कापलेस तर परत घेणार नाहीत."

"परत द्यायचेत कुणाला?"

खिडकीशी बसले, कात्री घेतली. दोन कप्प्यांमधली भिंत कापून काढली, वरून कापड जोडलं, खालच्या फटीला मऊ चामड्याचा तुकडा लावला. हात? काडीइतका हलला नाही. दोन्ही बूट, एका बैठकीत.

पाय सुळकन आत गेला. बदकू उभी राहिली, बोटं हलवली आणि जिना उतरली. आणि हावरट कुठली, पहिल्याच दिवशी पार चौकापर्यंत पळून आली! दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की जिना उलटा उतरत होती, कठडा धरून.

"घाई झालीये तुला," मी म्हटलं. "आज एक दिवा. चार दिवसांनी दोन."

रस्त्यावरचे दिव्याचे खांब हो. मी खिडकीतून मोजायची, ती छोटी छोटी पावलं टाकत पळायची. पावलांचा आवाज हळूहळू गेलाच. कबुतरं उठेनात, एक तर तिच्या पायावरून चालत गेलं! कोपऱ्यावरचा बेकरीवाला तिच्या धपधपीवर भट्टीतून पाव काढायचा. धपधप बंद झाली आणि तीन दिवस आख्ख्या गल्लीने करपलेले पाव खाल्ले.

तीन महिने भरले त्या सकाळी ती पुलापर्यंत निघाली. बाप सायकलवर मागे. मी खिडकीत. माझा चहा गार झाला. दोघं दिसेनात, दिसेनात, मग वळणावर आधी सायकल दिसली, म्हटलं झालं, आता ही चालत येणार. तर सायकलीच्या पलीकडून बदकू! पळत! आवाजच नाही, म्हणून कळलं नाही.

पायरीवर बसली आणि सुरू झाली. पुलावर खडी कशी टोचली, गार डांबर आणि तापलेलं डांबर पायाला कसं वेगळं लागतं, बाबांची सायकल कशी कुईकुई करते. शेवटी मीच विचारलं, "अगं, आणि गुडघा?"

"कुठला गुडघा?"

बरं, एक गोष्ट मी रचली. शिवताना हात हलला नाही म्हटलं ना? हलला. डाव्या बुटात, आतून, एक टाका तिरका गेलाय. एवढ्या पातळ बुटात तो तिला लागत नसेल असं कसं होईल? पण ती कधी बोलली नाही.

कबुतराचं मात्र खरं आहे.