भेगेवरची काचपट्टी

मी एक जुनी काचपट्टी आहे. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, आणि आता दोन तुकड्यांत. मित्रांनो, एवढ्याशा जिवाची ती काय कहाणी असणार, असं तुम्हाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. मोठमोठ्या इमारतींचं दुखणं आधी माझ्यासारखीलाच कळतं, माणसांना नंतर.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते कोलकात्याच्या बेहाला भागातलं फोटो फ्रेमचं एक चिंचोळं दुकान. एकाच तावातून कापलेल्या माझ्या बहिणी कुणी लग्नाच्या फोटोवर, कुणी दुर्गामातेच्या तसबिरीवर जाऊन बसल्या. मी मात्र कडेचा उरलेला तुकडा. दुकानदाराने मला पायाने सरकवून कोपऱ्यात लोटलं होतं. मला फार लागलं ते, आजही विसरलेली नाही.

मग एक दिवस चैत्राली आली. तिचे वडील बँकेत होते. त्यांची बदली झाली म्हणून ती शाळेत असताना कोलकात्याला आली. वडील निवृत्त होऊन पुण्याला परतले, पण ही इथेच राहिली. जुन्या वास्तू जपणं हे तिचं काम. भूकंपानंतर नेपाळमधल्या देवळांवर तिने दोन वर्षं काम केलं होतं. तिने दुकानदाराकडे चक्क उरलेल्या कडाच मागितल्या, आणि त्याही पातळ. दुकानदाराने काच कापायच्या हिरकणीने आम्हा बाराजणींना एका मापात कापलं. कोणीतरी मला मुद्दाम मागून नेतंय, या आनंदात मी वाटभर पिशवीत किणकिणत होते.

आमचं काम काय, ते सांगते. जुन्या भिंतीला भेग पडली की ती भेग जुनी आणि झोपलेली आहे की अजून वाढते आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून भेगेवर आडवी काचपट्टी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करायची आणि वर तारीख घालायची. भिंत केसाएवढी जरी हलली तरी काच तडकते. म्हणजे फुटणं हेच आमचं काम. फुटेपर्यंत नुसतं बघत राहायचं.

चैत्रालीचा मोबाइलवर एक गट होता. नेपाळ, माल्टा, पेरू, कुठकुठली तिच्यासारखीच माणसं त्यात होती. कोणी मातीचं चर्च सांभाळत होतं, कोणी बंदरावरची तटबंदी. त्यांच्या भिंतींवरही माझ्याच जातीच्या पट्ट्या होत्या. कोणी फुटलेल्या पट्टीचा फोटो पाठवला की बाकीचे हळहळत बसत नसत. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असे, "तारीख?" कारण पट्टी कधी फुटली ते कळलं, तरच भिंत कशाने हलली ते शोधता येतं.

चौदा जूनला आम्हा बाराजणींना खिदिरपूरच्या गोदी वाचनालयात ठिकठिकाणी बसवलं, मला पूर्वेकडच्या भिंतीवर. आगबोटींच्या काळात गोदीतल्या कारकुनांसाठी बांधलेली ती दुमजली इमारत. दगड-चुन्याच्या भिंती, उंच खिडक्या, आणि आत तीन भाषांतली पुस्तकं. तिथले मानद चिटणीस मुकुंदकाका. त्यांचे आजोबा या गोदीत नोकरीला आले आणि घराणं कोलकात्याचंच झालं. मुकुंदकाका याच पूर्वेच्या खोलीत पहिलं पुस्तक वाचायला शिकले होते. वय चौऱ्याहत्तर, अक्षर मोत्यासारखं, आणि वाचनालयात कोणी पंखा जोरात लावला तरी जीव वरखाली होणारा माणूस. त्यांच्या पत्नी शैलाकाकू दर रविवारी तिथे चित्रकलेचा वर्ग घेत. बेहालातली चार मराठी मुलं आणि खिदिरपूरच्या गल्लीतली अकरा, अशी पंधरा मुलं जमत.

मला चिकटवून झाल्यावर चैत्राली म्हणाली, "काका, हिला हात लावू नका. फुटली तर मला सांगा."

बस्स, एवढंच म्हणाली. पुढे काय घडलं ते पाहता आणखी दोन वाक्यं बोलली असती तर बरं झालं असतं.

शेजारच्या मोकळ्या जागेवर एक मोठं गोदाम उठणार होतं. पायासाठी जमिनीत खांब ठोकणारं यंत्र सप्टेंबरमध्ये आलं. धाड... धाड... प्रत्येक ठोक्याला माझ्या अंगातून कळ जायची. मुकुंदकाका रोज सकाळी चष्मा कपाळावर चढवून मला निरखायचे. "टिकून राहा गं बाई," असं पुटपुटायचे. मित्रांनो, इतक्या मायेने माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. पण त्यांना हवं होतं मी टिकावं, आणि माझं काम होतं खरं सांगावं. या दोन्हींचं जमणार कसं?

दुर्गापूजेच्या सुट्ट्या चार दिवसांवर आल्या होत्या. दुपारचा चहा आला आणि त्याच वेळी मी तडकले. टिक्! एवढाच आवाज. मुकुंदकाका हातातली बशी खाली ठेवून माझ्याकडे आले.

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मागच्या गल्लीत एका जुन्या घरावर 'धोकादायक' अशी लाल पाटी लागली होती आणि तीन महिन्यांत तिथे सपाट जमीन झाली होती. काच फुटली म्हणजे पाटी लागणार, पाटी लागली म्हणजे वाचनालय जाणार, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बेहालाला गेले आणि माझ्याच मापाची काच कापून घेऊन आले. मला हलक्या हाताने खरवडून काढलं, नवीला बसवलं, आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षराची सगळी कला पणाला लावून चैत्रालीच्या वळणाने तिच्यावर लिहिलं, 'चौदा जून'. माझी तारीख त्या नवख्या पोरीच्या अंगावर! माझा नुसता संताप झाला. पण मला कचऱ्यात टाकायला त्यांचा हात काही झाला नाही. टेबलावर पडलेल्या आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांनी मला गुंडाळलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. तो खण कधीच पुरता बंद होत नसे. त्या फटीतून मला सगळं ऐकू येत होतं, थोडंफार दिसतही होतं.

मग पूजा आली. ढाक नावाचे मोठे ढोल वाजले, गर्दी लोटली, आणि शेजारचं यंत्र गप्प झालं. मजूर आपापल्या गावी गेले. ठोकेच नाहीत म्हटल्यावर भिंत हलणार कशी? नवी पट्टी साळसूदपणे अखंड राहिली.

विजयादशमीनंतरच्या शुक्रवारी चैत्राली आली. हातात संदेश मिठाईची पेटी, चेहऱ्यावर आनंद. आल्या आल्या तिने बाराही पट्ट्या तपासल्या.

"काका, कमाल आहे तुमच्या भिंतीची! महिनाभर शेजारी एवढं ठोकलं, पण पूर्वेची पट्टी जशीच्या तशी. ही भेग झोपलेली आहे. मी शेजारच्यांना कळवते, सोमवारपासून त्यांचं काम चालू करायला आपली हरकत नाही. आणि आपण उत्तरेची खोली दुरुस्तीला घेऊ. काकू, तुमचा तिथला वर्ग या रविवारपासून इथे, पूर्वेच्या खोलीत."

"बरं झालं बाई," शैलाकाकू म्हणाल्या. "इथे सकाळचं ऊन थेट कागदावर येतं. या भिंतीशीच चटया टाकते पोरांच्या."

त्याच भिंतीशी, आणि मी इथे खणात! मी ओरडणार तरी कशी? मी एकदाच बोलले होते, आणि ते ज्याने ऐकलं तो माणूस टेबलाशी मान खाली घालून बसला होता.

विजयादशमीनंतर थोरांच्या पाया पडायची कोलकात्याची रीत आहे. चैत्राली इथेच वाढलेली. ती मुकुंदकाकांसमोर वाकली आणि काकांनी झटकन पाय मागे घेतले.

"नको. मला नमस्कार करू नकोस."

"अहो, असं काय करता?" शैलाकाकू म्हणाल्या. "सणाचा नमस्कार करतेय ना ती. आठ-दहा दिवस झाले, नीट जेवत नाही तुम्ही. झालंय तरी काय?"

काकांनी खण ओढला. माझे दोन्ही तुकडे कागदात एकमेकांवर आपटले. त्यांनी मला चैत्रालीपुढे ठेवलं.

"खरी पट्टी ही आहे. ती वरची मी लावली. तारीखही मीच लिहिली."

चैत्राली आधी लाल झाली, मग पांढरी.

"काका, परवा मी पंधरा मुलं त्या भिंतीखाली बसवणार होते. काकूंना बसवणार होते. आणि सोमवारी शेजारी पुन्हा ठोकायला सुरुवात झाली असती."

"माहीत आहे."

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"मला वाटलं, लाल पाटी लागेल." चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. "अगं, माझं सगळं आयुष्य या खोलीत गेलंय. ही पाडतील म्हणून मी... मी हिला वाचवत होतो गं."

शैलाकाकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पण त्याही भिंतीकडेच बघत होत्या.

चैत्राली खुर्चीत बसली. मला वाटलं, आता ही चांगलंच सुनावणार. सुनावलंही असतं तर चुकलं नसतं. पण ती म्हणाली, "चूक माझीही आहे. फुटली तर सांगा म्हटलं, पण पुढे काय होईल ते सांगितलंच नाही. काका, फुटलेली पट्टी दाखवली की भिंतीला टेकू मिळतो, दुरुस्ती मिळते. ती लपवली ना, तरच इमारत हातची जाते."

मग तिने डोळे पुसले, माझे तुकडे जोडून पाहिले आणि तिच्या त्या गटातल्या सगळ्यांचा प्रश्न विचारला. "तारीख?"

काकांनी मला गुंडाळलेला कागद सरळ केला. "हा त्याच दिवसाचा पेपर आहे. वेळ चार वाजून दहा मिनिटं. चहा आला होता. आणि त्या दिवशी यंत्र आपल्या भिंतीच्या अगदी जवळ आणलं होतं. आधी ते पलीकडच्या टोकाला होतं."

चैत्रालीने वहीत लिहिता लिहिता वर पाहिलं. इतकी नेमकी माहिती तिला कुठल्याच भिंतीबद्दल कधी मिळाली नव्हती. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या फुटण्याचं चीज झालं.

पुढचं पटापट सांगते. त्याच संध्याकाळी पूर्वेच्या खोलीला कुलूप लागलं. शनिवारी भिंतीला लाकडी टेकू आले. चैत्राली तारीख, वेळ आणि माझे तुकडे घेऊन शेजारच्या इंजिनियरकडे गेली. तोही भला माणूस निघाला. त्याने त्या बाजूचं ठोकणं बंद केलं आणि तिथे जमीन पोखरून खांब भरायचं ठरवलं. त्याला वेळ जास्त लागतो, पण हादरा बसत नाही. टेकू लावताना भिंतीच्या माथ्यावरचा एक दगड नुसत्या बोटाने सरकला. तो सुपाएवढा होता. त्याच्या खालच्या, पोरांच्या चटया पडणार होत्या त्या जमिनीकडे शैलाकाकू बघत राहिल्या. लाल पाटी मात्र लागली नाही.

मुकुंदकाकांनी राजीनामा लिहून आणला. अक्षर तेच, सुंदर. चैत्रालीने तो वाचला आणि परत दिला.

"मग रोज पट्ट्या कोण बघणार? फुटल्याचा आवाज ऐकणारे तुम्ही एकटेच आहात."

त्यावर काकांनी स्वतः नवी पट्टी बसवली, आपल्या अक्षरात, खऱ्या तारखेने. रविवारचा वर्ग व्हरांड्यात भरू लागला. रंग हातात घेण्याआधी पंधराही मुलं काकांबरोबर पट्ट्यांची फेरी मारत. डिसेंबरात भिंतीत लोखंडी सळया घालायचं काम चाललं होतं, तेव्हा गल्लीतली एक सात वर्षांची मुलगी घाबरीघुबरी होऊन धावत आली. एक पट्टी तडकली होती आणि तिला वाटलं, आपल्याच बोटाने फुटली. "दादू, टूट गया," आजोबांना हाक मारावी तसं काकांना म्हणून ती रडायलाच लागली. काकांनी तिला उचलून टेबलावर बसवलं, काम थांबवायला सांगितलं, आणि वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, तिचं नाव लिहिलं. मग सगळ्या वर्गाने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी कोणी वाजवल्या नव्हत्या. असो. मला ऐकून बरं वाटलं, हे मी कबूल करते.

आता मी चैत्रालीच्या टेबलावर असते. ती नव्या गावी, नव्या जुन्या वास्तूकडे निघाली की मला बरोबर नेते आणि तिथल्या माणसांना दाखवते. फुटलेली पट्टी दाखवली की दुरुस्ती मिळते, लपवली की इमारत जाते, ही दोन वाक्यंही आता ती न विसरता बोलते.

मित्रांनो, तुमच्या गावात एखादी जुनी वेस असेल, देऊळ असेल, दर्गा असेल, वाचनालय असेल. त्यावर प्रेम करा, पण मुकुंदकाकांसारखं घाबरून नको. भेग दिसली तर तिच्यावर रंगाचा हात फिरवून मोकळे होऊ नका, मोठ्या माणसाला नेऊन दाखवा. आणि मोठ्यांनो, कोणी असं सांगायला आलं तर आधी जवळ घ्या, मग तारीख विचारा. मी फुटले म्हणून कोणावर रागावू नका. मी फुटले आणि कोणी तुम्हाला सांगितलं नाही, तर मात्र घटकाभर बसून विचार करा की त्याला तुमची एवढी भीती का वाटली.