हे बघत होते

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, रिमोट नाकाजवळ आणला आणि लाल बटणावर अंगठा ठेवून डोळे मिटले. मग दाबलं. पडद्यावरच्या यादीत कार्यक्रमाच्या नावापुढे एक लाल ठिपका उमटला, आणि पुढे काहीच झालं नाही.

"झालं का?" त्यांनी टीव्हीलाच विचारलं.

टीव्हीखालचा काळा बॉक्स गप्प होता. बाईंनी पुन्हा दाबलं, तर ठिपका गेला. आणखी एकदा दाबलं, तर परत आला. ठिपका आहे म्हणजे होणार आहे, की आहे म्हणजे होऊन गेलं, हे काही त्यांना उमगेना. दिसतो आहे तोवर हात काढून घेतलेला बरा, असं ठरवून त्यांनी रिमोट मास्तरांच्या खुर्चीच्या हातावर होता तसा तिरका ठेवून दिला. मास्तरांना आपल्या वस्तू सरळ केलेल्या आवडत नसत.

मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. चौकात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा. बाई तरणतलावाच्या खिडकीत तिकिटं द्यायला बसत, म्हणून त्या तिकीटबाई. त्यांची एकुलती एक लेक आज संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर दिसणार होती. शिवणकामाच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती.

आणि नेमकी आजच बाईंची संध्याकाळची पाळी. खिडकीतल्या दुसऱ्या बाईला त्यांनी विनवून पाहिलं, तर तिने लगेच गालाला हात लावून दाढेचं दुखणं पुढे केलं. पण खरी अडचण ती नव्हतीच. खरी अडचण होते मास्तर.

लेक शाळा संपल्यापासून बापाच्या शेजारी उभी राहून कापड बेतायची. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी तिने सांगितलं, नाटकाच्या मंडळीकडे पोशाख शिवायला जाते. मास्तर म्हणाले, "नाही." मास्तरांचं 'नाही' बाजारात प्रसिद्ध होतं. घाईचं काम आणलं की नाही, दुसऱ्याने बिघडवलेला कोट आणला की नाही, गळा जरा आणखी खोल हवा म्हटलं तरी नाही. गिऱ्हाइकं ऐकून घेत. पण लेक बापावर गेलेली. तिने आपली कात्री उचलली आणि ती गेली. तेव्हापासून मास्तरांनी तिचं नाव टाकलं होतं. घरी तिचा फोन आला की ते उठून गॅलरीत जात, आणि रोज संध्याकाळी गरम पाण्याच्या टबात पाय सोडून सायकलींची शर्यत बघत. ही शर्यत महिनाभर चाले, आणि ती संपली की कुठली तरी दुसरी सुरू होई.

त्या शर्यतीला धक्का न लावता लेकीचा कार्यक्रम पकडून ठेवायचा होता. नव्या बॉक्सच्या खोक्यावर तर ठळक छापलं होतं, 'एक बघा, दुसरं रेकॉर्ड करा!' बाईंना वाटलं, हे आपल्याच घरात डोकावून लिहिलंय.

"हे बघतील सायकली, ते होईल रेकॉर्ड," असं घोकत त्या कामावर गेल्या.

सात वाजता त्यांचा जीव काही थाऱ्यावर राहिला नाही. एका टकल्या गृहस्थांना त्यांनी लहान मुलाचं तिकीट दिलं. गृहस्थ खूश होऊन आत गेले आणि दारावरच्या माणसाने त्यांना परत पाठवलं.

"काय तिकीटबाई, मी एवढा कोवळा दिसतो?"

बाई हसल्या, पण डोळ्यांपुढे लाल ठिपका होता. तो आत्ता लागला असेल का? लेकीने कुठला ड्रेस घातला असेल? आणि ह्यांनी तिसरंच काही बटण दाबून सगळं उधळून लावलं असेल तर? मास्तरांना रिमोटची तीनच बटणं ठाऊक होती, त्यामुळे ती भीती जरा कमी होती.

घरी आल्या तेव्हा टीव्ही बंद होता. मास्तर खुर्चीतच होते. पाय अजून टबातच, आणि पाणी थंडगार.

"अहो, पाणी गार झालं की! बोटं बघा कशी सुरकुतलीत."

"हं."

"झाली शर्यत? कोण जिंकलं?"

मास्तरांनी टॉवेल घेतला आणि एकेक बोट पुसायला सुरुवात केली.

"एक जण पडला," ते म्हणाले.

"अगं बाई! लागलं का हो फार?"

"उठला. परत निघाला."

एवढंच बोलून ते टब घेऊन मोरीकडे गेले. बाईंनी बॉक्सकडे चोरून पाहिलं. तो आपला काळा ठिक्कर, जसा सकाळी होता तसाच.

दुसऱ्या दिवशी मास्तर दाढी करायला न्हाव्याकडे गेल्याबरोबर बाईंनी दाराला कडी घातली आणि टीव्ही लावला. यादीत कार्यक्रम होता! त्यांनी सुरू केला, आणि पहिल्याच मिनिटाला लेक समोर. केस कापलेले, गळ्यात टेप, बारीक झालेली. बाईंना रडू आवरेना. पण नीट झालं आहे की मध्येच तुटलं आहे, ही धाकधूक होतीच, म्हणून त्यांनी पुढचं बटण दाबून धरलं. माणसं, मशिनं, कापडं भराभर पळाली आणि शेवटी नुसती नावं वर सरकू लागली. म्हणजे शेवटपर्यंत होतं. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि बाईंनी टीव्ही बंद करून हातात झाडू घेतला.

सोमवारी सकाळी खिडकीवर गर्दी नव्हती तेव्हा त्यांनी लेकीला फोन लावला.

"आई, बघितलंस का?"

"नाही गं, आज बघणार. रेकॉर्ड केलंय. काही सांगू नकोस हं, मला सगळं आपलं आपण बघायचंय."

"बरं." लेक थोडी थांबली. "आणि बाबा?"

"हे सायकली बघत होते."

"हो ना," लेक म्हणाली. मग तिकडे कोणी तरी हाक मारली असं म्हणून तिने फोन ठेवला. कोणी हाक मारलेली बाईंना तरी ऐकू आली नव्हती.

परतताना त्या केबलवाल्याच्या दुकानात शिरल्या. केबल जाऊन डिजिटल बॉक्स आले तरी त्याचं नाव केबलवालाच राहिलं होतं. बाईंना ते रेकॉर्डिंग कायमचं जपून ठेवायचं होतं, आणि तसं करता येतं का, हे विचारायचं होतं. पण आधी कौतुक करावं म्हणून त्या म्हणाल्या,

"तुमचा बॉक्स मात्र गुणाचा आहे हो. परवा हे बघत होते आणि ते रेकॉर्ड होत होतं."

केबलवाल्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"हे म्हणजे कुठलं चॅनेल, काकू?"

"चॅनेल नाही. हे म्हणजे आमचे हे."

"मास्तर? आणि ते?"

"ते म्हणजे दुसरं. हे बघत होते सायकली, आणि ते शिवणकामाचं होत होतं रेकॉर्ड."

"तसं होणार नाही, काकू."

"होणार नाही काय? झालंय! मी पाहिलंय."

केबलवाला उठला आणि मागच्या फळीवरून तसलंच एक खोकं घेऊन आला. 'एक बघा, दुसरं रेकॉर्ड करा!' च्या शेवटी मुंगीएवढी एक चांदणी होती, आणि खोक्याच्या बुडाशी तसलीच चांदणी आणि तसल्याच मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ. केबलवाल्याने ती वाचून दाखवली. दोन वायरी जोडलेल्या असतील तरच.

"तुमच्याकडे मी एकच वायर टाकलीय. एका वायरीतून एका वेळी एकच चॅनेल येतं. म्हणजे हे बघत असतील तर ते रेकॉर्ड होणार नाही. हेच बघत असतील तरच हे रेकॉर्ड होईल."

"हेच म्हणजे?"

"अहो, आता चॅनेल म्हणतोय मी!"

बाई स्टुलावर बसल्या. केबलवाल्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, पण सावकाश. सात वाजले की बॉक्स आपण होऊन शिवणकामाच्या चॅनेलवर जाणार. सायकली बंद. कोणी परत सायकली लावायला गेलं, तर पडद्यावर प्रश्न येणार, रेकॉर्डिंग थांबवायचं का? खाली दोन चौकटी, 'हो' आणि 'नाही'. 'हो' दाबलं की इकडे सायकली आणि तिकडे रेकॉर्डिंग खलास.

"आणि 'नाही' दाबलं तर?"

"तर समोर शिवणकाम. संपेपर्यंत."

"पण माझं तर शेवटपर्यंत झालंय," बाई म्हणाल्या. "मग हे काय बघत होते?"

केबलवाल्याने आता हे म्हणजे कोण, ते विचारलं नाही.

"टीव्ही बंद करून बसले असतील," तो म्हणाला. "टीव्ही बंद असला तरी बॉक्स आपलं काम करतो."

ते पटण्यासारखं होतं, आणि पटलं म्हणूनच बाईंना फार लागलं. बरोबर सात वाजता समोर लेकीचं तोंड आलं, आणि ह्यांनी टीव्ही बंद करून टाकला. मग काळ्या पडद्यापुढे पाणी गार होईस्तोवर बसून राहिले. टीव्ही बंदच होता की आपण आलो तेव्हा. पण मग तो पडलेला सायकलवाला कुठून आला? पडलाच नाही की काय कोणी? उगाच थाप मारली? मास्तर हट्टी होते, तुसडे होते, पण उभ्या जन्मात त्यांनी थाप मारली नव्हती. रेकॉर्डिंग जपून कसं ठेवायचं, ते विचारायचं राहूनच गेलं, आणि बाई घराकडे वळायच्या ऐवजी पुन्हा तलावाच्या रस्त्याला लागल्या. कोपऱ्यावर आल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं.

संध्याकाळी मास्तर दुकानातून आले. बाईंनी पाणी तापवलं, टब खुर्चीपुढे ठेवला आणि रिमोट स्वतःच्या हातात घेतला. चोरून बघायचा त्यांना आता वीट आला होता.

"आज मी माझ्या लेकीला बघणार आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बघायचं नसेल तर खुशाल गॅलरीत जा."

मास्तरांनी टबाकडे पाहिलं, मग बाईंकडे. मग ते गॅलरीत गेले आणि कठड्याला टेकून, पाठ फिरवून उभे राहिले. बाई खट्टू झाल्या. पण रिमोट त्यांनी सोडला नाही.

कार्यक्रम सुरू झाला. तिघांना कोट शिवायचा होता. लेकीने कापड अंथरलं, खडू कानामागे खोचला, अगदी बापासारखा. पहिली बाही छान बसली. दुसरी बसवून तिने कोट पुतळ्याला चढवला, आणि बाई पुढे वाकल्या. शिवणातलं त्यांना काही कळत नसे, पण एवढं कळलं की बाही मागच्या बाजूला वळतेय. डाव्या हाताला उजव्या हाताची बाही. परीक्षक एकमेकांकडे बघत होते. घड्याळाचा काटा पुढे पळत होता. लेकीने कोट पुतळ्यावरून उतरवला आणि ती नुसती उभी राहिली, हात लोंबकळत. नापास झालेली पोर उभी राहते तशी.

बाईंनी अंगठा दाबला. चित्र तिथेच थिजलं. लेक तशीच उभी, तोंड अर्धवट उघडं.

त्यांना पुढचं बघवेना. आपल्याला सांगू नको म्हणालो, म्हणून तर पोरगी गप्प बसली नसेल? फोनवर तिचा आवाज कसा होता, ते त्या आठवू लागल्या, पण आता काहीच धड आठवेना. घरात टीव्हीचा आवाज नव्हता. टबातल्या पाण्याची वाफ कमी होत चालली होती.

"थांबलीस का?"

मास्तर वळले नव्हते. ते खाली रस्त्याकडेच बघत होते.

बाईंचा अंगठा बटणावरच होता.

"बघ गं पुढे," मास्तर म्हणाले. "सावरते ती."

बाई हातात रिमोट धरून कितीतरी वेळ त्या पाठीकडे बघत राहिल्या. मग उठल्या, किटलीतलं उरलेलं गरम पाणी टबात ओतलं आणि बोट बुडवून पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "पाणी गार होतंय."